एक गांव, एक रात्र, दोन नाटकें

दिवाळी संपली कीं पुण्यामुंबईकडच्या घरांत फराळाचे डबे रिकामे होऊं लागतात आणि मुलें पुन्हां पुस्तकांकडे वळतात. आमच्याकडे झाडीपट्टींत खरी धामधूम त्यानंतर सुरू होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. येथें भाऊबीजेपासून गांवोगांव मंडई भरते. प्रत्येक गांवाचा दिवस निराळा. कारण सगळीकडे एकाच दिवशीं मंडई भरली तर पाहुण्यानें जावें कोठें? दिवसा बाजार, शिंगाड्यांचे ढीग, गोवाऱ्यांचा नाच, माहेरवाशिणी आणि जांवई यांची वर्दळ. आणि रात्रीं दंडार, खडीगंमत किंवा नाटक. अलीकडे बहुतेक ठिकाणीं नाटकच, आणि तेंहि एक नव्हे. एकाच गांवांत एकाच रात्रीं दोन-दोन, तीन-तीन नाटकें होतात, आणि एका मांडवांतलें गाणें दुसऱ्या मांडवांत ऐकूं येतें.

आमचें आसगांव पवनी तालुक्यांतलें, वैनगंगेच्या अलीकडचें. मी या घरांत सून म्हणून आलें तेव्हां नाटकें गांवचींच मंडळी बसवीत असत. पेटीमास्तर तेवढा बाहेरून आणावा, बायकांच्या भूमिका पुरुषांनींच कराव्या, आणि शंकरपटासाठीं जमलेल्या पाहुण्यांची रात्र आनंदांत काढून द्यावी, असा तो प्रकार होता. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. 2014 सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें ती बंद पडली आणि 2021 च्या डिसेंबरांत परवानगी मिळून पुन्हां सुरू झाली. मधल्या काळांत बैल गोठ्यांत राहिले, पण नाटक राहिलें नाहीं. तें थांबलें करोनाच्या सांथींत, आणि सांथ ओसरतांच पुन्हां उभें राहिलें.

आज हीं नाटकें धंदेवाईक कंपन्या करतात. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यांत वडसा म्हणून रेल्वेचें गांव आहे. देसाईगंज हें त्याचेंच दुसरें नांव. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या तेथें दाटीनें आहेत. गांवोगांवचीं मंडळें तेथें जातात, इसार देतात, तारीख पक्की करतात. आणि ठरल्या दिवशीं पडदे, दिवे, ध्वनिक्षेपक, वाजविणारे, नट आणि नटी असा सारा संसार गाडींत घालून कंपनी गांवीं येते. रात्रीं दहाच्या पुढें पडदा उघडतो तो पहांटेपर्यंत. याच रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या परशुराम खुणे यांना 2023 सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां असा कांहीं नाट्यसंसार आपल्याच राज्यांत आहे हें शहरांतल्या पुष्कळांना पहिल्यानेंच कळलें.

व्यवहार असा असतो: कंपनीला ठरलेली रक्कम मंडळ देतें, आणि तिकिटें मंडळच विकतें. नफा झाला तर मंडळाचा, तोटा आला तरी मंडळाचाच. गांवांत दोन मंडळें असलीं आणि रात्र एकच असली, तर प्रेक्षकहि तेच वांटून घ्यावे लागतात. मग एकानें मोठा मांडव घातला कीं दुसरा त्याहून मोठा घालतो. एकानें लावणीची नर्तकी आणली कीं दुसरा दोन आणतो. गेल्या कांहीं वर्षांत या चढाओढीचा कळस म्हणजे मुंबईची नटी किंवा नट. दूरदर्शनच्या मालिकेंत रोज रात्रीं दिसणारें तोंड एकदां समोर पाहावें या इच्छेनें लोक चार कोसांवरून येतात, आणि त्या तोंडाचें भाडें कंपनीच्या रकमेंत मिळविलें जातें.

आमच्या घरांत हा विषय केवळ करमणुकीचा राहिलेला नाहीं. घरांत लहानमोठीं तेरा माणसें. कारभार थोरल्या भाऊजींच्या हातीं. त्यांचा मुलगा वेशीकडच्या मंडळाच्या अकरा कार्यकर्त्यांपैकीं एक. तळ्याकडच्या मंडळानें दोन वर्षांपूर्वीं मालिकेंतला एक नट आणला आणि वेशीकडचा मांडव अर्धा रिकामा राहिला. तें शल्य या पोरांच्या मनांत असें बसलें कीं गेल्या वर्षीं त्यांनीं वडशाला जाऊन एका कंपनीशीं ठराव केला आणि मुंबईच्या एका नटीचें नांव पदरांत पाडून घेतलें. जाहिरातीच्या कागदावर त्या बाईंचें चित्र निम्म्याहून अधिक जागा व्यापून होतें. नाटकाचें नांव त्याखालीं, आणि ज्यानें तें लिहिलें त्याचें नांव वाचायला सासूबाईंना माझा चष्मा मागावा लागला.

त्या रात्रीं मांडव भरला, यांत शंका नाहीं. दुपारपासूनच बायकांनीं पोतीं आणि सतरंज्या पसरून जागा धरून ठेवल्या होत्या. नटीबाई आल्या, त्यांनीं आपले प्रवेश केले; बोलणें गोड होतें, आणि पाठांतराची उणीव पडद्यामागून वाक्यें पुरविणाऱ्यानें भरून काढली. मध्यंतरांत त्यांच्याबरोबर छायाचित्र काढून घ्यायला झुंबड उडाली. त्यानंतर अर्धा मांडव उठला. ज्यांनीं पहांटे पांचपर्यंत नाटक तोलून धरलें तीं माणसें निराळींच होतीं: गडचिरोलीकडची एक नायिका, आणि एक विनोदी नट, ज्यानें दारूच्या पायीं घर बुडविलेल्या बापाचें काम करतांना अगोदर हंसवलें आणि नंतर आमच्या जाऊबाईंना पदर डोळ्यांना लावायला लावला. त्या नायिकेची आणि त्या नटाची दुसऱ्या रात्रीं आणखी एका गांवीं तारीख होती, त्यानंतर तिसऱ्या गांवीं. दिवाळीपासून होळीपर्यंत हें असेंच चालतें. झोप गाडींत, अंघोळ कोणाच्या तरी अंगणांत.

हिशेब चार दिवसांनीं झाला. तळ्याकडेहि नाटक होतेंच, त्यामुळें तिकिटांचा अंदाज चुकला होता. तूट अकरा घरांवर वांटली गेली. आमच्या वांट्याची रक्कम धान विकून आलेल्या पैशांतून गेली, आणि त्याच पैशांतून पुतणीच्या नागपूरच्या वसतिगृहाची फी जावयाची होती. फी पुढें तीन महिने उशिरानें भरली गेली. मुलीनें तक्रार केली नाहीं. पण त्या तीन महिन्यांत ती घरीं आली नाहीं, हें आम्हां बायकांच्या ध्यानांत राहिलें.

या दिवाळींत माझा भाचा अमेरिकेंतून आला होता. रात्रीं ओसरीवर हीच चर्चा निघाली, तेव्हां तो हंसून म्हणाला, "मामी, तुमची ही वेस आणि तें तळें मीं ऑरलँडोला पाहिलें आहे." ऑरलँडो हें फ्लोरिडा प्रांतांतलें शहर. तेथें डिस्ने आणि युनिव्हर्सल अशा दोन कंपन्यांचीं करमणुकीचीं प्रचंड उद्यानें आहेत. त्यांना थीम पार्क म्हणतात. गोष्टींतलीं गांवें आणि किल्ले तेथें खरोखर बांधलेले असतात. डिस्नेचें फ्लोरिडांतलें उद्यान 1971 सालचें; युनिव्हर्सल तेथें 1990 सालीं आली. दोघांचीं आवारें एकमेकांपासून थोड्या मैलांवर, आणि गिऱ्हाईक तेंच: सुटींत मुलाबाळांसह आलेलें कुटुंब.

पुष्कळ वर्षें डिस्नेचें पारडें जड होतें. मग युनिव्हर्सलनें जे. के. रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटरच्या गोष्टींचा हक्क मिळविला आणि 2010 च्या जूनमध्यें त्या गोष्टींतलें जादूगारांचें गांव बांधून उघडलें. लोकांनीं रांगा लावल्या. गोष्टींतलें पेय, गोष्टींतल्या छड्या, गोष्टींतले झगे, सारें तेथें विकत मिळूं लागलें. 2014 सालीं दुसऱ्या उद्यानांत त्याच गोष्टीचा दुसरा बाजार बांधला आणि दोहोंमध्यें आगगाडी घातली. त्या गाडींत बसायचें तर दोन्ही उद्यानांचें तिकीट हवें. हें ऐकून भाऊजी म्हणाले, "हा मात्र पक्का वाणी!"

डिस्नेनें मग 'अवतार' या चित्रपटाचा हक्क 2011 सालीं घेतला आणि 2017 सालीं त्यांतली दुनिया उभी केली. उसन्या नांवांची कटकट नको म्हणून गोष्टींचे कारखानेच विकत घेण्याचा मार्गहि त्यांनीं धरला: 2009 सालीं मार्व्हल, 2012 सालीं 'स्टार वॉर्स'चे मालक, दोन्ही प्रत्येकीं सुमारें 4 अब्ज डॉलरना. 2023 सालीं आपल्या उद्यानांवर आणि जहाजांवर दहा वर्षांत सुमारें 60 अब्ज डॉलर घालण्याचा मनोदय डिस्नेनें जाहीर केला. आणि 2025 च्या मे महिन्यांत युनिव्हर्सलनें ऑरलँडोलाच 'एपिक युनिव्हर्स' नांवाचें आणखी एक उद्यान उघडलें. आंकडे ऐकून सासूबाईंनीं जपाची माळ बाजूला ठेवली.

मला त्यांतली मार्व्हलची हकीगत सर्वांत उद्बोधक वाटली. मार्व्हलनें 1994 सालीं, म्हणजे डिस्नेनें तिला विकत घेण्याच्या पंधरा वर्षें आधीं, आपल्या वीरपुरुषांचा उद्यानांपुरता हक्क युनिव्हर्सलला देऊन ठेवला होता. मिसिसिपी नदीच्या पूर्वेस त्या मुख्य वीरांचा आणि मार्व्हल या नांवाचा वापर दुसऱ्या कोणाच्या उद्यानानें करूं नये, असा तो करार. पुढें डिस्ने त्या वीरांची धनीण झाली, तरी करार कायमच राहिला. म्हणून डिस्नेनें 2021 सालीं कॅलिफोर्नियांत त्या वीरांच्या नांवानें भाग उघडला, पण फ्लोरिडांत, स्वतःच्या सर्वांत मोठ्या आवारांत, तीं नांवें तिला लावतां येत नाहींत; तेथें तीं शेजाऱ्याच्या फाटकावर झळकतात. आपल्याकडची उपमा द्यायची तर एखाद्यानें वडशाची सबंध कंपनी विकत घ्यावी, आणि वैनगंगेच्या अलीकडे तिचें नाटक लावायचें झालें कीं जुन्या कागदावर दुसऱ्याची सही निघावी!

पुतण्या हें सारें डोळे मोठे करून ऐकत होता. त्यानें त्यांतून घ्यायचा तोच अर्थ घेतला: मोठीं माणसेंहि नांवावरच पैसा लावतात, मग आम्हींच कां लावूं नये?

प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचें उत्तर अमेरिकेंत शोधण्याचें कारण नाहीं. मराठी रंगभूमीनें हा खेळ शंभर वर्षांपूर्वीं खेळून पाहिलेला आहे. 1913 सालीं बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. केशवराव भोंसल्यांची ललितकलादर्श त्याआधींची, 1908 सालची. पुढें 1918 सालीं बळवंत संगीत मंडळी निघाली, जिच्यांत दीनानाथ मंगेशकर होते. या कंपन्यांत चांगल्या नाटककाराच्या नाटकासाठीं जी चढाओढ असे ती आजच्या हक्कांच्या चढाओढीहून निराळी नव्हती. गडकऱ्यांचेंच पाहा. आमच्या नागपूर जिल्ह्यांतल्या सावनेरला 1919 च्या जानेवारींत ते वारले. त्यांचा 'एकच प्याला' गंधर्व मंडळीनें केला आणि 'भावबंधन' बळवंतनें. एकाच लेखणीचें धन दोन प्रतिस्पर्ध्यांच्या पेट्यांत गेलें. केशवरावांनीं पडद्यांसाठीं कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा कुंचला मिळविला, तर बालगंधर्वांनीं खरे शालू, खरें अत्तर आणि 'द्रौपदी'चा राजेशाही थाट रंगभूमीवर मांडला. त्या वैभवाच्या कथा आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं मिटक्या मारीत सांगितलेल्या आहेत. कर्जाची कथा तितक्या आवडीनें कोणी सांगत नाहीं. 1921 च्या सुमारास गंधर्व मंडळीच्या डोक्यावर लाखांच्या घरांतलें कर्ज होतें, आणि तें फेडण्यांत बालगंधर्वांचीं उमेदीचीं वर्षें गेलीं. पुढें बोलपट आले. 1935 सालीं तेच बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ महाराज झाले.

पण त्याच 1921 सालीं, 8 जुलैच्या रात्रीं, मुंबईच्या बालीवाला नाटकगृहांत टिळक स्वराज्य फंडासाठीं दोन्ही कंपन्यांनीं मिळून 'मानापमान' केलें. केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी. आपसांत जन्माचें वैर मानणारे दोन्हीकडचे रसिक त्या रात्रीं एका छपराखालीं बसले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत केशवराव वारले. त्या प्रयोगाची आठवण शंभर वर्षें टिकली, आणि त्या रात्रीं विकलें गेलें तें नांव भाड्याचें नव्हतें. दोघांनींहि तें गळ्यानें आणि कष्टानें कमावलेलें होतें.

अलीकडचा दाखला हवा असेल तर मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाजवळ खोपोलीला 2013 सालीं सुरू झालेलें इमॅजिका उद्यान आहे. कल्पना भव्य होती. 'मिस्टर इंडिया' या हिंदी चित्रपटाच्या नांवाचीहि एक करमणूक तेथें बांधली होती. मुलें खूष झालीं, हें मीं स्वतः पाहिलें आहे. परंतु उभारणीच्या कर्जाचा बोजा उत्पन्नाला झेपला नाहीं, आणि 2022 सालीं सावकारांशीं तडजोड होऊन उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलें. झुले तेच, डोंगर तोच, मालक निराळा.

मीं पुतण्याला हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "काकू, म्हणजे आम्हीं नाटकच करूं नये काय?" छे! तसें माझ्या मनांतहि नाहीं. ही चढाओढ नसती तर वडशाच्या त्या कंपन्या जगल्या असत्या असें मला वाटत नाहीं. पुण्यामुंबईच्या कंपन्या बोलपटानें गिळल्या. झाडीपट्टीच्या कंपन्या बोलपट, दूरदर्शन आणि हातांतला फोन या तिघांनाहि पुरून उरल्या आहेत, त्या गांवोगांवच्या या खोडकर ईर्षेमुळेंच. पेटी वाजविणारा, दिवे लावणारा, पडदे रंगविणारा, रात्रींच्या रात्रीं चहा विकणारा, अशा कितीकांची चूल या चार महिन्यांवर पेटते. माझी तक्रार ईर्षेविषयीं नाहीं. डिस्नेनें वा युनिव्हर्सलनें चुकीच्या नांवावर पैसा लावला तर त्यांचे भागीदार कुरकुर करतील, एखादा व्यवस्थापक घरीं जाईल. पण उद्यान उभें राहील, पुढल्या वर्षीं त्यावर दुसरी पाटी लागेल. वेशीकडच्या मांडवाखालचें वावर तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां वावर होतें. नटीबाईंचें चित्र असलेला कागद पावसाळ्यांत भिंतीवरून गळून पडतो. मागें उरते ती अकरा घरांवरची तूट, आणि तीहि त्या घरांतल्या अशा माणसांवर, ज्यांना ठराव करतांना कोणीं विचारलेलें नसतें.

शिवाय मला खटकतें तें आणखी एक. मुंबईचें नांव आणायला जी रक्कम अधिक पडते तीच आमच्याकडच्या नायिकेला, त्या विनोदी नटाला, त्या चष्म्याशिवाय न दिसणाऱ्या लेखकाला देऊन पाहावी, असें कोणत्याच मंडळाला सुचत नाहीं. मांडवांत बायकांच्या बैठकीला आडोसा नसतो, लघुशंकेची सोय नसते. तान्हीं मुलें घेऊन बायका पहांटेपर्यंत दंवांत बसतात. यावर खर्च केला तर जाहिरातींत काय छापायचें, हा पुतण्याचा सवाल. "तेंच छापा," असें जाऊबाई स्वयंपाकघरांतून म्हणाल्या. जाऊबाई पुरुषांच्या बोलण्यांत सहसा पडत नाहींत.

यंदा काय झालें तेंहि सांगतें. भाऊजींनीं दोन गोष्टी ठरविल्या. वर्गणी आपलें घर देईल, आणि वेशीकडे देईल तितकीच तळ्याकडेहि देईल. परंतु तुटीच्या कागदावर या घरांतल्या कोणाची सही होणार नाहीं. पुतण्याचें तोंड दोन दिवस उतरलें होतें. नंतर सासूबाईंनीं सुचविलें कीं दोन मंडळांनीं दोन लागोपाठच्या रात्री वांटून घ्याव्या, म्हणजे एकच प्रेक्षक दोन्हीकडे येईल. पुतण्या मोठ्या उमेदीनें तळ्याकडे बोलणें लावायला गेला. तेथें उत्तर मिळालें कीं पाहुणे एकच रात्र राहतात. दुसऱ्या दिवशीं शेजारच्या गांवची मंडई असते, आणि रिकाम्या मांडवाची रात्र कोणाच्या वांट्याला जायची हें ठरवितां ठरवितां डोकीं फुटतील. तेंहि खोटें नाहीं. तेव्हां यंदाहि दोन्ही नाटकें एकाच रात्रीं आहेत. तळ्याकडे मुंबईचा नट येतो आहे. वेशीकडे गेल्या वर्षींची ती गडचिरोलीची नायिका पुन्हां येणार आहे, तिच्याच कंपनीसह. बायकांच्या बाजूला कनात लावायची ठरली आहे, आणि लेखकाचें नांव या खेपेस चष्म्याशिवाय वाचतां येतें. वसतिगृहाची फी भाऊजींनीं इसार देण्यापूर्वींच नागपूरला भरून टाकली. पुतणी मंडईला येते आहे. नाटक कोठलें पाहणार, असें तिला विचारलें तर म्हणते, मध्यंतरापर्यंत तळ्याकडचें आणि मग वेशीकडचें.